आकाशातली ऊ: आँरी मिन्येचं विमान घरी बांधावं का?

प्रश्न असा आलाय: "मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आँरी मिन्ये नावाच्या फ्रेंच माणसाने 1930च्या दशकात काढलेल्या छोट्या विमानाचे नकाशे मला मिळालेत. प्लायवूड, कापड आणि मोटारसायकलचं जुनं इंजिन एवढ्यावर ते घरी बांधता येईल असं दिसतं. पण त्याच विमानाने माणसं मारली असंही वाचलं. हा माणूस मोठा डिझायनर होता की नुसता थापाड्या? आणि मी हे बांधू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी चालेल. नाही. त्या नकाशांवरून बांधू नका. नकाशे खोटे आहेत म्हणून नव्हे. त्यांवरून विमान तयार होतं, उडतं, आणि बहुतेक वेळ चांगलं उडतं. अडचण नेमकी तीच आहे.

मी विमानांच्या देखभालीत आयुष्य काढलं. 22 वर्षं सांताक्रूझच्या हँगरमध्ये, नंतर इंग्लंडमध्ये. तिथे नोकरी मोठ्या जेट विमानांची होती, पण शनिवार-रविवार मी एका शेतावरच्या शेडमध्ये असायचो. लाकडी विमानं बांधणाऱ्या चार-पाच जणांचं आमचं टोळकं होतं. तीन विमानांना माझा हात लागलाय, त्यांतलं मिन्येचं एकही नाही. त्याचं विमान मी जवळून पाहिलं ते बेडफर्डशायरमध्ये ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ संग्रहात. जेमतेम साडेतीन मीटर लांब. शेजारच्या विमानांपुढे ते खेळण्यासारखं दिसतं. तिथल्या माणसाला विचारलं, उडवता का? तो म्हणाला, जमिनीवर पळवतो, उडवत नाही. मग हसला आणि पुढे गेला.

आधी हे समजून घ्या की मिन्ये घरगुती विमानाचा पहिला डिझायनर नव्हे. तो मान द्यायचाच तर पॅरिसमध्ये राहणाऱ्या ब्राझिलियन सांतोस-द्युमाँला द्यावा लागेल. त्याच्या 'डेम्वाझेल' विमानाचा सांगाडा बऱ्याच अंशी वेळूचा होता. त्याने त्याचं पेटंट घेतलं नाही आणि 1910 साली अमेरिकेतल्या पॉप्युलर मेकॅनिक्स मासिकात त्याचे नकाशे छापून आले. पण तो श्रीमंत माणूस होता, आणि ते विमान चालवायला त्याच्यासारखीच चिमणीएवढी अंगकाठी लागायची. मिन्येने दुसरा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवला. 1920च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये साधं डी हॅविलंड मॉथ घ्यायचं तर 600 पौंडांहून जास्त मोजावे लागत. शाळामास्तर, सुतार, गॅरेजवाला यांनी त्या किमतीकडे नुसतं बघायचं. मोटारसायकल परवडते पण मोटार परवडत नाही, असा माणूस हा मिन्येचा माणूस.

तो स्वतःही त्यातलाच. जन्म 1893 चा, पश्चिम फ्रान्समधल्या सँत गावचा. विशीच्या आत त्याने जर्मन ग्लायडरवाल्या लिलियेंटालच्या धर्तीवर पहिलं ग्लायडर केलं. पहिल्या महायुद्धात तो रेडिओ ऑपरेटर होता. मला वाटतं त्याच्या स्वभावाची किल्ली इथे आहे. त्या काळी हौशी लोक घरच्या टेबलावर रेडिओचे संच जुळवत, मासिकातल्या आकृत्या बघून. विमानाचंही असंच का होऊ नये, हा त्याचा हट्ट. 1928 साली त्याने एचएम-8 नावाचं एका पंखाचं साधं विमान केलं, लेझेल या विमानविषयक साप्ताहिकातून हौशी विमानबांधणीचा प्रश्न लोकांपुढे मांडला, आणि त्या विमानाच्या सुमारे 200 प्रती लोकांनी बांधल्या. तो तेवढ्यावर थांबला असता तरी आज आपण त्याचं नाव आदराने घेतलं असतं, आणि इतकं लांबलचक उत्तर लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

तो थांबला नाही, कारण त्याला स्वतःला नेहमीचं विमान नीट चालवता येत नव्हतं. हे तो लपवत नसे. नेहमीच्या विमानात हाताला स्टिक आणि पायाला रडरचे, म्हणजे शेपटाच्या उभ्या सुकाणूचे, पेडल. वळताना दोन्हींचा मेळ घालावा लागतो. मेळ चुकला, वेग कमी असला, तर एक पंख अचानक उचलेनासा होतो, म्हणजे गळतो, आणि विमान भोवऱ्यासारखं गरगरत खाली येतं. त्या काळी नवशिके वैमानिक याच चुकीने पटापट मरत. शिकवणाऱ्यांचं म्हणणं, आणखी सराव करा. मिन्ये म्हणाला, दोष शिकणाऱ्याचा नाही, यंत्राचा आहे. हात-पायांचा मेळ जमत नसेल तर मेळ घालायची गरजच उरू नये असं विमान करा.

यातून 1933 च्या सप्टेंबरमध्ये एचएम-14 उडालं. त्याची चौदावी रचना. सुवासों गावाजवळच्या रानात तंबू ठोकून राहून त्याने तिच्या चाचण्या घेतल्या. नाव ठेवलं 'पू द्यु स्येल', आकाशातली ऊ. फ्रान्समध्ये फोर्डच्या मॉडेल टी गाडीला लोक रस्त्यावरची ऊ म्हणत, कारण ती काळी, हळू, आणि जिकडे बघावं तिकडे. आपलं विमानही तसंच गल्लोगल्ली व्हावं ही मिन्येची इच्छा. इंग्रजांना ऊ फारच घाण वाटली असावी, त्यांनी तिची पिसू केली: फ्लाइंग फ्ली.

आता यंत्र बघा. एक पुढचा पंख, सुमारे 6 मीटरचा, वैमानिकाच्या डोक्यावर. त्याच्या मागे, थोडा खाली, दुसरा पंख, 4 मीटरच्या आसपास. शेपटाला आडवा पंख नाही. एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या हलत्या झडपा, नाहीत. पेडल नाहीत. फक्त मागे एक भलंमोठं रडर. स्टिक डावी-उजवीकडे नेली की रडर हलतं. पंखांची टोकं वर वळवलेली आहेत, त्यामुळे नाक वळलं की विमान आपोआप त्या बाजूला कलतं. स्टिक मागे ओढली की पुढचा पंख अख्खाच्या अख्खा आपल्या आसाभोवती फिरतो, त्याची मागची कड खाली येते, हवेशी कोन वाढतो, नाक वर. शरीर म्हणजे प्लायवूडची पेटी. इंजिन ओबिए-द्यून कंपनीचं, टू-स्ट्रोक, 500 सीसीच्या आसपास, 20 च्या आत-बाहेर हॉर्सपॉवर. रिकामं वजन सुमारे 100 किलो. गावाकडे सोयाबीनचं पोतं उचलणाऱ्या दोघांनी ते उचलून बाजूला ठेवावं, एवढंच.

यातली हुशारी दोन पंखांच्या मधल्या फटीत आहे. पुढच्या पंखाची मागची कड मागच्या पंखाच्या पुढच्या कडेजवळ येते, आणि त्या फटीतून हवा जोराने निघून मागच्या पंखाला चिकटून वाहते. त्यामुळे स्टिक पोटाशी पूर्ण ओढली तरी विमान गळत नाही, गरगरत नाही. नाक वर धरून छत्रीसारखं हळूहळू खाली बसतं. मिन्येने हे स्वतः पुन्हा पुन्हा करून दाखवलं आणि यात कसलीही लबाडी नव्हती. ज्या अपघाताने नवशिके मरत होते, तो अपघात त्याच्या विमानात खरोखरच होत नव्हता.

आणि मग पुस्तक. 1934 साली 'ल स्पॉर द लेर', म्हणजे हवेतला खेळ, आलं. माझ्या मते मिन्येची खरी कामगिरी विमानापेक्षा हे पुस्तक आहे. कारखान्याचे नकाशे ज्यांनी वाचलेत त्यांना कळेल. ते नकाशे ज्याला आधीच सगळं माहीत आहे अशा माणसासाठी काढलेले असतात. मिन्येने ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी लिहिलं. फळी कशी निवडायची, रिब, म्हणजे पंखाच्या फासळ्या, कशा साच्यात चिकटवायच्या, कापड कसं ताणायचं, आणि शेवटी शिक्षकाशिवाय स्वतःच उडायला कसं शिकायचं: आधी मोकळ्या रानात नुसतं पळवा, मग हातभर उंचीची उडी, मग जरा मोठी. भाषा मित्राशी बोलल्यासारखी. खोकं ठोकता येणारा माणूस विमान बांधू शकतो, हा त्याचा एकूण सूर. वाचणाऱ्याच्या हाताला खाज सुटते. मी साठीत वाचलं तरी मला सुटली.

1935 च्या ऑगस्टमध्ये मिन्ये आपली ऊ घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून लिम्पनला उतरला आणि ब्रिटनमध्ये आधीच उठलेली लाट उसळली. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर हातोहात खपलं. इमारतींच्या तळघरात, चर्चच्या सभागृहात, मोटारींच्या गॅरेजात पिसवा तयार होऊ लागल्या. सरकारपुढे पेच पडला, कारण उडायला योग्यतेचं प्रमाणपत्र लागायचं आणि ते कारखान्यांसाठी होतं. मग घरगुती विमानांसाठी वेगळा, सुटसुटीत परवाना काढला. पहिला परवाना 1935 च्या जुलैमध्ये स्टीफन ॲपलबीच्या पिसवेला मिळाला, तिच्यात फोर्ड मोटारीचं बदल केलेलं इंजिन होतं. ब्रिटनमध्ये आज घरी बांधलेलं विमान ज्या 'परमिट टू फ्लाय'वर उडतं, त्याचं मूळ हे. शेडमधल्या आमच्या विमानांचे कागदही शेवटी याच ऊवेच्या वंशातले, असं मी गमतीने म्हणायचो.

मग 1936 उजाडलं आणि माणसं मरू लागली. ब्रिटनमध्ये काही महिन्यांत एकापाठोपाठ जीवघेणे अपघात, फ्रान्समध्येही. सगळ्यांची गोष्ट सारखी: विमान ठीक उडत होतं, नाक खाली गेलं, सूर मारला, सूर वाढतच गेला, शेवटी विमान जवळजवळ उलटं होऊन जमिनीवर. लोकांनी आधी काय म्हटलं असेल? हौशी लोक, खोकी ठोकणारे, कुणी खिळा विसरला असेल, कुणाला उडता येत नसेल. पण मेलेल्यांत हवाई दलाचे तयार वैमानिकही होते. आणि मोडलेल्या विमानांत मोडण्याआधी काही तुटल्याची खूण सापडत नव्हती.

मग अख्खं विमान वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे जोराचा वारा सोडून विमान तपासायच्या जागेत, ठेवलं, इंग्लंडमध्ये फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-म्यूदोंला. उत्तर मिळालं. नाक सुमारे 15 अंशांहून जास्त खाली गेलं, की स्टिक पूर्ण मागे ओढूनही नाक वर आणण्याइतकं बळ विमानात उरत नाही.

हे का, ते जरा थांबून बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म यात आहे. नेहमीच्या विमानात मुख्य पंखापासून चांगला लांब, शेपटाला एक लहान आडवा पंख असतो. वजन उचलणं हे त्याचं काम नव्हे. नाक ढळलं की ते परत जागेवर आणायचं, हे त्याचं काम. तो दूर असतो, म्हणून मुख्य पंखावर काहीही गोंधळ चाललेला असो, त्याला आपली हवा बरीचशी स्वच्छ मिळते. मिन्येने तो काढून टाकला. शेपटाचं काम मागच्या पंखाकडे दिलं, आणि मागचा पंख तर पुढच्याच्या अगदी पायाशी बसलेला. दोघांची हवा एकच.

आता समजा वाऱ्याच्या धक्क्याने नाक खाली गेलं. वैमानिक काय करणार? स्टिक पोटाशी ओढणार. पुढच्या पंखाची मागची कड खाली येते, मागच्या पंखाजवळ पोचते, मधली फट अरुंद होते. तीच फट. तिच्यातून हवा जोराने मागच्या पंखावरून वाहते आणि मागचा पंख जास्त उचलू लागतो. मागचा पंख वर म्हणजे शेपूट वर, शेपूट वर म्हणजे नाक आणखी खाली. वैमानिक घाबरून आणखी ओढतो. जितकं ओढतो तितकी फट आपलं काम चोख करते. नाक वर असताना ज्या फटीने त्याला वाचवलं असतं, तीच नाक खाली असताना त्याला जमिनीत घालते. आणि जीव वाचवायचा जो एकच उपाय प्रत्येक वैमानिकाच्या अंगात मुरलेला असतो, तोच उपाय इथे उलटा पडतो.

त्यात बांधणाऱ्यांनी भर घातली. कुणी जड इंजिन बसवलं, कुणी पंखांमधलं अंतर बोटभर इकडेतिकडे केलं, कुणाचं वजनच पन्नास किलोने जास्त. बैलगाडीत ओझं मागे सरकलं की गाडी उलाळते, पुढे सरकलं की बैलांच्या मानेवर भार येतो. विमानाचंही तेच, फक्त इथे खाली उतरून पोती सरकवता येत नाहीत. पण या चुका दुय्यम. मूळ दोष कागदावर होता, आणि तो अगदी नीटनेटक्या बांधलेल्या विमानातही होता.

मग मिन्ये थापाड्या ठरतो का? माझं मत नाही. त्याला विमानशास्त्राची पदवी नव्हती म्हणून ही चूक झाली, असं म्हणणारेही मला पटत नाहीत. पदवीवाल्यांच्या कारखान्यांनीही त्या काळात भरपूर विमानं पाडली. मिन्येची चूक वेगळी आणि जास्त माणसासारखी आहे. त्याने हवेत ज्या संकटाची भीती होती, त्या संकटाची कसून चाचणी घेतली. गळणं, गरगरणं, मंद वेग: सगळं स्वतःच्या जिवावर तपासलं. ज्याची भीती त्याला वाटत नव्हती, त्या टोकाकडे तो गेलाच नाही. खडा सूर मारून बघायचं त्याला कारणच दिसलं नाही. आणि तिकडे जायच्या आधीच पुस्तक हजारो हातांत पडलं. कारखान्याने चुकीचं विमान केलं तर कारखाना ते परत बोलावतो. पुस्तक परत बोलावता येत नाही. तुमच्या संगणकात आज ते नकाशे पडलेत, हा त्याचाच पुरावा.

त्याच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगायला हवी. त्याने दोष नाकारून हात झटकले नाहीत. बोगद्यातल्या चाचण्यांनंतर त्याने पंखांची मांडणी आणि आकार बदलले, एचएम-18 सारखी पुढची विमानं काढली. ब्रिटनमध्ये मात्र या जातीला परवाने मिळणं थांबलं आणि पुढे युद्धच आलं. युद्धानंतर तो अर्जेंटिना, जपान असा फिरत राहिला, जाईल तिथे दोन पंखांची विमानं काढत राहिला, आणि 1965 साली बोर्दोजवळ वारला. फ्रान्समधल्या हौशी विमानबांधकांच्या संघटनेने युद्धानंतर नाव घेतलं तेही त्याच्या पुस्तकावरून. त्याच्या मांडणीतले दोष काढून टाकलेली विमानं फ्रान्समध्ये आजही उडतात, आणि ती खरोखर गरगरत नाहीत. म्हणजे मूळ कल्पना बरोबर होती, हे त्याला न्याय म्हणून सांगतो.

आता त्याच काळातला दुसरा माणूस बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं खेडं. तिथे बर्नार्ड पीटेनपोल हा गॅरेजवाला, शाळा फारशी न शिकलेला. त्याने विमानाच्या आकारात काहीही क्रांती केली नाही. एक पंख वर, लांब शेपूट, शेपटाला आडवा पंख, एलेरॉन, पेडल, सगळं जुन्या वळणाचं. बदललं फक्त एक: विमानाचं महागडं इंजिन काढून तिथे फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं 40 हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. त्याचं 'एअर कॅम्पर' 1929 च्या सुमारास उडालं. मोटारीच्या इंजिनावर धड विमान उडत नाही असा एका मासिकाच्या संपादकाचा समज होता. 1930 साली पीटेनपोल विमानं घेऊन मिनिआपोलिसला गेला आणि उडवून दाखवलं. पुढे त्याच मासिकाने त्याचे नकाशे छापले. ते नकाशे आजही विकत मिळतात, त्यांवरून विमानं आजही बांधली जातात, आणि दर जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ब्रॉडहेडच्या गवती धावपट्टीवर ती जमतात.

दोघांनीही विमान स्वस्त केलं. पीटेनपोलने महाग वस्तू काढून स्वस्त वस्तू घातली, काम तेच ठेवलं. मिन्येने वस्तूच काढून टाकली आणि तिचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. लाकूडकाम स्वस्तच झालं, पण शेपटाचा तो बिनकामाचा वाटणारा तुकडा सूर मारताना काय करत होता, हे कुणी विचारलं नाही. कुठल्याही स्वस्त डिझाइनकडे मी आता असाच बघतो: किती पैसे वाचले हे नंतर, आधी काय गायब आहे, आणि ते गायब झालेलं आधी कुठलं काम करत होतं?

तुमच्या मोटारसायकलच्या इंजिनाबद्दल. नका. मोटारसायकलचं इंजिन वेगाने फिरून शक्ती देतं, आणि रस्त्यावर पूर्ण जोर फार तर काही सेकंद लावतं. विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, मोठा असेल तर तो सावकाश फिरायला हवा, नाहीतर टोकांशी नुसता आवाज होतो, ओढ कमी. म्हणजे मधे रिडक्शन, फेऱ्या कमी करणारी जोडणी, हवं, त्याचं वजन, त्याच्या कंपनांनी तुटणारे बोल्ट. फोर्डचं इंजिन चाललं कारण ते 3 लिटरहून मोठं होतं आणि मिनिटाला 2,200 फेऱ्यांतच आपली 40 हॉर्सपॉवर देत होतं. युद्धानंतर युरोपात फोक्सवॅगन बीटलचं इंजिन लोकप्रिय झालं तेही बरंचसं याच कारणाने, शिवाय ते हवेवर थंड होतं. विमान चढताना इंजिन पूर्ण जोरावर मिनिटामागून मिनिटं चालतं. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी तास-दीड तास रेटून बघा, मग इंजिनाच्या तोंडाकडे बघा.

लाकडाबद्दल. आपल्याकडे मुलं लगेच साग म्हणतात. साग मजबूत, पण जड. विमानाला लागतं स्प्रूस: सरळ रेषांचं, हलकं, गाठ नसलेलं. फळीच्या कडेला रेषा किती तिरक्या चालल्यात ते मोजून बघतात, जास्त तिरक्या असल्या तर फळी शेगडीत. आणि चिकटा. जुन्या नकाशांत केसीन, म्हणजे दुधापासून केलेला चिकटा सांगितलेला असतो. कोकणातल्या एका पावसाळ्यात त्याला बुरशी धरेल. दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो नावाची लाकडी बॉम्बर विमानं भारतात आली होती. 1944 साली इथे काहींची मोडतोड झाली, तेव्हा ठपका आधी आपल्या उष्ण-दमट हवेवर आणि चिकट्यावर आला. तपासात पुढे जोडणीतल्या त्रुटीही निघाल्या. आपल्या हवेला दोष देणं नेहमीच सोपं.

आमची स्वतःची फजिती सांगतो. डिसेंबरमध्ये शेडमध्ये आम्ही रिब चिकटवत होतो. हीटर बिघडलेला, पण उत्साह जास्त. नियम असा की दर वेळी चिकटा कालवला की दोन टाकाऊ तुकडे त्याच चिकट्याने जोडून बाजूला ठेवायचे, त्यावर तारीख लिहायची, आणि आठवड्याने ते हाताने मोडून बघायचे. लाकूड फाटलं तर जोड चांगला. चिकट्याच्या रेघेवर स्वच्छ सुटला तर जोड फुकट. आमचा तुकडा बिस्किटासारखा सुटला. थंडीत चिकटा नीट धरलाच नव्हता. 11 रिब, दिसायला एक नंबर, आम्ही कुऱ्हाडीने फोडल्या. माझ्या शेजारचा म्हातारा सुतार एक शब्द बोलला नाही, फक्त किटली ठेवली.

भारतात बांधायचं तर कागद हा वेगळा डोंगर आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय ते उडवता येणार नाही, मग ते गच्चीवर बांधलेलं असो की वावरात. चारकोपच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव तुम्हाला माहीत असतीलच. 2016 साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिलं, आणि नोंदणी मिळायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. बांधणीपेक्षा कागदांची झटापट त्यांना कमी पडली असेल असं मला वाटत नाही. म्हणून सुतारकाम सुरू करायच्या आधी अर्ज कुणाकडे, कुठल्या प्रकारात, तपासणी कोण करणार, हे लेखी विचारा. दर टप्प्याचे फोटो आणि वही ठेवा. पंखावर कापड एकदा चढलं की आत काय आहे ते सिद्ध करणं महाकठीण.

आणि पोटात मिन्येची ऊ शिरलीच असेल, तर 1934 चे नकाशे बाजूला ठेवून त्याच्या वारसदारांची युद्धानंतरची रचना घ्या, ती कोणत्या देशात परवान्यावर उडते ते आधी बघा. इंटरनेटवरच्या स्कॅन केलेल्या नकाशाचा आणखी एक धोका: छापताना कागदाला बसवण्यासाठी तो दोन-तीन टक्के आकसतो. नकाशावर छापलेल्या मोजपट्टीवर खरी पट्टी ठेवून बघितल्याशिवाय एकही माप घेऊ नका. दोन पंखांमधली फट ही काही तीन टक्के चुकवायची जागा नव्हे.

तोपर्यंत हाताला काम हवं असेल तर एवढं करा. पीटेनपोलच्या नकाशातली एकच रिब बांधा. साचा, पट्ट्या, त्रिकोणी प्लायच्या चकत्या, सगळं नकाशाप्रमाणे. सोबत चिकट्याचे दोन नमुना तुकडे, तारखेसकट. आठवडाभर पावसाळी हवेत ठेवा, मग तुकडे मोडा. लाकूड फाटलं की चिकटा सुटला, ते मला कळवा, पुढचं त्यावरून बोलू.